हांबुर्गचा नकार: चौसष्ट टक्के होकार कुठे गेला?

२०१५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर हांबुर्गमधल्या सुमारे तेरा लाख मतदारांच्या घरी टपालानं एक लिफाफा आला. आत मतपत्रिका, ती परत पाठवायचं पाकीट आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं मांडणारी माहितीपुस्तिका. मतपत्रिकेवर एकच वाक्य होतं. जर्मन ऑलिंपिक महासंघानं हांबुर्ग शहरासह २०२४ च्या ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक स्पर्धांसाठी दावेदारी करावी, याला माझी संमती आहे, अशा अर्थाचं. खाली दोन पर्याय, ‘हो’ आणि ‘नाही’. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही मत देता येणार होतं.

२९ नोव्हेंबरच्या रात्री निकाल लागला. ५१.६ टक्के ‘नाही’, ४८.४ टक्के ‘हो’. मतदान निम्म्याच्या किंचित वर. साधारण साडेसहा लाख मतं पडली आणि फरक वीस हजारांच्या आसपास होता. म्हणजे दहा-अकरा हजार लोकांनी खूण दुसरीकडे केली असती, तर निकाल उलटला असता. याच शहरात त्याच वर्षाच्या सुरुवातीला झालेल्या पाहणीत ६४ टक्के लोक स्पर्धांच्या बाजूनं होते.

मोठ्या क्रीडास्पर्धेबद्दल यजमान शहरातल्या लोकांना काय वाटतं, हे समजून घ्यायचं तर हांबुर्गइतकं उपयोगी प्रकरण क्वचितच सापडतं. बहुतेक ठिकाणी आपल्या हातात फक्त पाहणीचे आकडे असतात. इथे पाहणीही आहे आणि काही महिन्यांच्या अंतरानं झालेलं प्रत्यक्ष मतदानही. या दोन आकड्यांमधली दरी कशामुळे पडली, ते या लेखात पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. हांबुर्गकरांचं खेळाबद्दलचं मन या काळात फारसं बदललंच नाही, त्यांना विचारलेला प्रश्न बदलला. पाहणीत विचारलं होतं, ‘तुम्हाला स्पर्धा हव्यात का?’ मतपत्रिकेपर्यंत पोहोचताना त्याचा अर्थ झाला, ‘हा हिशोब मांडणाऱ्यांवर तुमचा विश्वास आहे का?’

बर्लिनला मागे टाकणारा आकडा

हांबुर्ग हे सुमारे अठरा लाख वस्तीचं बंदराचं शहर. एल्ब नदीवर वसलेलं, समुद्रापासून शंभर किलोमीटर आत, आणि जर्मनीच्या संघराज्यात स्वतःच एक राज्य असलेलं. ऑलिंपिकचं स्वप्न इथे नवं नव्हतं. २०१२ च्या स्पर्धांसाठीही शहरानं प्रयत्न केला होता, पण २००३ मध्ये जर्मनीच्या तेव्हाच्या राष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं लाइपझिगची निवड केली. २०२४ साठी सामना बर्लिनशी होता. राजधानीचं शहर, मोठं नाव, हाताशी तयार ऑलिंपिक स्टेडियम. तरीही १६ मार्च २०१५ रोजी महासंघाच्या कार्यकारिणीनं हांबुर्गचं नाव पुढे केलं, आणि त्यामागचं एक महत्त्वाचं कारण होतं लोकांचा पाठिंबा. फोर्सा संस्थेच्या पाहणीत हांबुर्गमध्ये ६४ टक्के आणि बर्लिनमध्ये ५५ टक्के लोक अनुकूल निघाले होते.

या निवडीला पार्श्वभूमी म्युनिकची होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये २०२२ च्या हिवाळी स्पर्धांसाठी म्युनिक, गार्मिश-पार्टेनकिर्शन आणि आणखी दोन जिल्ह्यांत मतदान झालं आणि चारही ठिकाणी लोकांनी नकार दिला. तो धक्का महासंघाच्या मनात ताजा होता. त्यामुळे या वेळी रहिवाशांचा कल हा दावेदारीचा मुख्य आधारच बनला.

हा उत्साह खोटा मुळीच नव्हता. फेब्रुवारीच्या थंडीत हजारो लोक हातात मशाली घेऊन आल्स्टर तलावाच्या काठानं उभे राहिले होते. पुढे नोव्हेंबरमध्ये श्टाटपार्कच्या हिरवळीवर रंगीत पोशाख चढवलेल्या हजारो नागरिकांनी पाच ऑलिंपिक कडी साकारली. मोहिमेचं घोषवाक्य जर्मन बोलण्यातल्या एका वाक्प्रचारावर बेतलेलं होतं. शब्दशः ‘आग आणि ज्वाळा’, म्हणजे एखाद्या गोष्टीसाठी पेटून उठणं. ही माणसं पैसे देऊन जमवलेली नव्हती. त्यांना आपल्या शहरात जग यावं असं मनापासून वाटत होतं, आणि या प्रकरणाचा अभ्यास करताना त्यांना बाजूला सारणं अन्यायाचं ठरेल. ४८.४ टक्के म्हणजे तीन लाखांहून जास्त माणसं होती.

नदीपलीकडची जागा

योजना खरोखर चांगली होती. शहराच्या ऐन मध्यभागासमोर, एल्बच्या पात्रात क्लाइनर ग्रासब्रोक नावाचं बेट आहे. तिथे बंदराच्या गोद्या, मालाचे धक्के, जहाजांवर चढायची वाट पाहणाऱ्या मोटारींच्या रांगा. ही जागा मोकळी करून तिथे साठ हजार आसनांचं स्टेडियम, खेळाडूंचं गाव आणि इतर सुविधा उभारायच्या होत्या. स्पर्धा संपल्यावर स्टेडियम छोटं करून वीस हजार आसनांवर आणायचं आणि खेळाडूंच्या गावाची वस्ती करून हजारो घरं शहराला मिळवून द्यायची. बहुतेक खेळ जवळजवळच्या ठिकाणी व्हायचे होते.

वाचताना मन ओढलं जातं अशी ही कल्पना होती. नदीच्या दोन काठांना जोडणारं शहर हे हांबुर्गच्या नगररचनाकारांचं जुनं ध्येय आहे. शहराला नव्या घरांची निकड होती, त्यामुळे तर ती आणखी आकर्षक होती. अडचण एवढीच होती की जागा रिकामी नव्हती. तिथल्या बंदर कंपन्यांना आधी दुसरीकडे हलवायला हवं होतं, त्याचा खर्च प्रचंड होता, आणि तो कोण उचलणार हे ठरलेलं नव्हतं.

आता या बेटाच्या उत्तर काठावर उभं राहून पलीकडे पाहण्याची कल्पना करा. नदीच्या त्या बाजूला हाफेनसिटी ही नवी वस्ती दिसते आणि तिच्या पश्चिम टोकाला लाटांसारखं छत असलेली काचेची उंच इमारत. ती एल्बफिलहार्मोनी. तिच्याबद्दल सविस्तर बोललं नाही, तर हे मतदान समजणारच नाही.

सत्त्याहत्तरपासून सातशे एकोणनव्वदपर्यंत

कोको, चहा आणि तंबाखू साठवायच्या जुन्या विटांच्या गोदामावर संगीतसभागृह बांधायचं, अशी ही कल्पना. सुरुवातीला लोकांना सांगितलं गेलं की शहराच्या तिजोरीतून ७७ दशलक्ष युरो लागतील. बांधकाम २००७ मध्ये सुरू झालं आणि २०१० मध्ये उद्घाटन व्हायचं होतं. प्रत्यक्षात आराखडे पूर्ण होण्याआधीच करार झाले, शहर, वास्तुरचनाकार आणि बांधकाम कंपनी यांच्यात जबाबदारीवरून भांडणं लागली, छताच्या सुरक्षिततेवरून वाद झाला आणि काम दीड वर्षाच्या आसपास बंद पडलं. चौकशी समित्या बसल्या. २०१३ मध्ये नवा करार होऊन अखेर रक्कम पक्की झाली. करदात्यांच्या वाट्याला आले ७८९ दशलक्ष युरो, मूळ आकड्याच्या दहापट. इमारत खुली झाली जानेवारी २०१७ मध्ये.

म्हणजे नोव्हेंबर २०१५ मध्ये, ज्या दिवसांत लोक लिफाफा फोडत होते, त्या दिवसांत ही इमारत बाहेरून तयार दिसत होती आणि आतून अजून बंद होती. कामावर जाताना, पुलावरून, आगगाडीच्या खिडकीतून ती रोज नजरेला पडे. सरकारनं खर्चाचा अंदाज सांगितला की पुढे काय होतं, हे हांबुर्गकरांना कुठल्या अहवालात वाचायची गरज नव्हती.

स्थानिकांच्या मनोवृत्तीवरचं संशोधन बहुधा ‘देवाणघेवाणी’च्या चौकटीत मांडलं जातं. फायदा तोट्यापेक्षा जास्त वाटला तर माणूस पाठिंबा देतो, कमी वाटला तर विरोध करतो. चौकट चुकीची नाही, पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की माणसापुढे ठेवलेले फायदे-तोटे त्याला खरे वाटतात. हांबुर्गमध्ये नेमकं तेच गृहीत ढासळलं होतं. तराजूत काय टाकलंय, यापेक्षा तराजू कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न मोठा झाला होता.

याला शहराच्या अलीकडच्या इतिहासाचीही जोड होती. जुलै २०१० मध्ये प्राथमिक शाळांच्या फेररचनेचा सरकारी बेत मतदारांनी सार्वमतात फेटाळला आणि त्याच दिवशी महापौर ओले फॉन बॉयस्ट यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०१३ मध्ये वीज, वायू आणि उष्णतेची वितरणजाळी शहरानं परत विकत घ्यावीत, या बाजूनं ५०.९ टक्के मतं पडली. तीही सरकारच्या इच्छेविरुद्ध. सरकारला मतपेटीतून अडवता येतं, याची सवय या शहराला झालेली होती.

प्रामाणिक आकडा, अर्धवट हिशोब

मे २०१५ मध्ये हांबुर्गच्या विधिमंडळानं राज्यघटनेत दुरुस्ती करून स्वतःहून सार्वमत घेण्याची तरतूद केली. तोवर सार्वमताची वाट नागरिकांच्या सह्यांच्या मोहिमेतूनच जायची. सोशल डेमोक्रॅट आणि ग्रीन यांचं सत्ताधारी आघाडी सरकार, विरोधातले ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि फ्री डेमोक्रॅट, सगळे दावेदारीच्या बाजूचे. डावा पक्ष विरोधात, आणि त्याच्या जोडीला ‘नोलिंपिया’ हे नाव घेतलेली नागरिकांची मोहीम. साधनांच्या बाबतीत दोन्ही बाजूंची तुलनाच होऊ शकत नव्हती. उद्योगपती, क्रीडासंघटना आणि व्यापारी एका बाजूला, हाती छापलेली पत्रकं वाटणारे कार्यकर्ते दुसऱ्या बाजूला.

ऑक्टोबरमध्ये महापौर ओलाफ शोल्झ यांच्या सरकारनं खर्चाचा अहवाल मांडला. हे तेच शोल्झ, जे पुढे जर्मनीचे चॅन्सेलर झाले. एकूण खर्च ११.२ अब्ज युरो. अपेक्षित उत्पन्न ३.८ अब्ज. उरलेले ७.४ अब्ज सार्वजनिक पैशातून. त्यात हांबुर्गचा वाटा १.२ अब्जांवर बांधलेला, आणि ६.२ अब्ज केंद्र सरकारनं द्यायचे.

या अहवालाचं श्रेय द्यायलाच हवं. दावेदारीच्या टप्प्यावर इतका सविस्तर आणि महागाई धरून मांडलेला हिशोब आधीच्या यजमान शहरांनी आपल्या नागरिकांपुढे क्वचितच ठेवला होता. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला छोटा आकडा सांगायचा आणि पुढे तो फुगू द्यायचा, अशीच रीत राहिली आहे. ऑक्सफर्डमधल्या बेंट फ्लिव्हबियर यांच्या २०१२ च्या अभ्यासात तपासलेली प्रत्येक ऑलिंपिक स्पर्धा अंदाजापेक्षा महाग पडली होती आणि सरासरी वाढ १७९ टक्के होती. माँट्रियलला १९७६ च्या स्पर्धांचं कर्ज फेडायला २००६ उजाडलं. हे सगळं माहीत असताना शोल्झ यांनी मोठा आकडा समोर ठेवला, यात धाडस होतं.

पण हिशोबातला सर्वांत मोठा रकाना कोरा होता. ६.२ अब्ज देण्याचा शब्द केंद्र सरकारनं मतदानापर्यंत दिलाच नाही. बर्लिनमध्ये चर्चा चालू राहिली आणि मतपत्रिका घरोघर पोहोचल्या. हांबुर्गच्या लेखापरीक्षण कार्यालयानंही आर्थिक जोखमीकडे बोट दाखवलं होतं. त्यातच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या यजमान शहर करारानुसार तूट आली तर ती समितीच्या अंगावर येत नाही, यजमानांच्या अंगावर येते. एखादा मतदार स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तिका उघडून बसला असेल, तर त्याला साधं गणित करता येत होतं. १.२ अब्ज भागिले अठरा लाख म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत दरडोई साडेसहाशे युरोंच्या वर. ते कदाचित परवडलं असतं. उरलेले ६.२ अब्ज आलेच नाहीत तर काय, याचं उत्तर मात्र पुस्तिकेतल्या कुठल्याच पानावर मिळणं शक्य नव्हतं. पैशाची हमी मिळाल्याशिवाय पुढे जाणार नाही, असं सरकार सांगत होतं. पण ‘आत्ता हो म्हणा, हमी नंतर मिळेल’ हा क्रम एल्बफिलहार्मोनीच्या शहराला पचणारा नव्हता.

माझ्या मते सरकारची खरी चूक हीच. केंद्राशी करार आधी आणि मतदान नंतर, असा क्रम हवा होता. ऑलिंपिक समितीच्या वेळापत्रकामुळे घाई झाली हे खरं, पण घाईची किंमत नागरिकांनी का मोजायची?

तो नोव्हेंबर

मतदानाआधीच्या आठवड्यांत बातम्यांचा नुसता मारा झाला. ऑक्टोबरमध्ये ‘श्पीगेल’ या जर्मन साप्ताहिकानं २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाचं यजमानपद मिळवताना झालेल्या संशयास्पद व्यवहारांचं प्रकरण बाहेर काढलं, आणि ९ नोव्हेंबरला जर्मन फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष वोल्फगांग नियर्सबाख यांनी राजीनामा दिला. मे महिन्यात झ्युरिकमध्ये फिफाच्या पदाधिकाऱ्यांना अटक झालीच होती. १३ नोव्हेंबरला पॅरिसवर हल्ला झाला, त्यात स्टाड द फ्रान्स या स्टेडियमच्या बाहेर सामना चालू असताना स्फोट झाले. चार दिवसांनी हानोफरमधला जर्मनी-नेदरलँड्स सामना धमकीमुळे ऐनवेळी रद्द झाला. शिवाय हजारो निर्वासितांना हांबुर्ग आसरा देत होतं. प्रदर्शनाच्या दालनांत आणि बंद पडलेल्या मोठ्या दुकानांत खाटा मांडल्या जात होत्या.

निकालानंतर समर्थकांनी या घटनांवर बराच भर दिला. शेवटच्या घसरणीत त्यांचा हात नक्की असणार. तरी सगळं ओझं त्यांच्यावर टाकणं मला पटत नाही. दहशतीची भीती आणि खेळातल्या भ्रष्टाचाराचा वीट जर्मनीभर सारखाच होता. आणि २९ नोव्हेंबरलाच, याच बातम्या वाचून, कीलमध्ये ६५ टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘हो’ म्हटलं.

कील हे हांबुर्गच्या उत्तरेला बाल्टिक समुद्रावरचं शहर. दावेदारी यशस्वी झाली असती तर नौकानयनाच्या शर्यती तिथे व्हायच्या होत्या. १९३६ आणि १९७२ च्या ऑलिंपिकमध्येही त्या तिथेच झाल्या होत्या आणि दरवर्षीचा शिडांच्या शर्यतींचा सोहळा हा त्या शहराच्या जगण्याचाच भाग आहे. खर्चाचा भार लहान, अनुभव जुना, खेळ स्वतःचा. कीलकरांना जे मागितलं जात होतं ते त्यांना ओळखीचं होतं. हांबुर्गकरांना मात्र बंदराचा एक तुकडा उचलून शहराचा नवा भाग उभारायला सांगितलं जात होतं.

‘नाही’ म्हणणारे कोण होते

विरोधकांना एका गठ्ठ्यात बांधता येत नाही. सांक्ट पाउली आणि श्टर्नशान्त्से या मध्यवर्ती भागांत नकार ठळक होता. तिथलं दुखणं घरभाड्याचं. जुन्या वस्तीत पैसेवाले आले, भाडी चढली, जुने भाडेकरू आणि छोटे कलावंत बाहेर ढकलले गेले. २००९ मध्ये पाडकामाच्या वाटेवर असलेला गेंगेफिर्टेल हा जुन्या घरांचा पुंजका कलावंतांनी ताब्यात घेऊन वाचवला, तेव्हापासून ‘शहरावर हक्क कुणाचा’ हा प्रश्न तिथे घरोघर बोलला जातो. अशा माणसाला ऑलिंपिकनंतर हजारो नवी घरं मिळतील असं सांगितलं, की त्याच्या मनात आधी येतं, तोवर माझं भाडं किती झालेलं असेल? हा विचार खेळाच्या द्वेषातून येत नाही.

पण फक्त या वस्त्यांच्या जोरावर ५१.६ टक्के होत नाहीत. निकाल फिरवला तो मधल्या माणसांनी, ज्यांचं म्हणणं पाहणीत ‘हो’ असं नोंदवलं गेलं, पण पूर्ण वाक्य ‘हो, पण…’ असं होतं. दूरध्वनीवर विचारणाऱ्याला ‘पण’च्या पुढचं ऐकायला वेळ नसतो. सप्टेंबरमध्ये पाठिंबा ६३ टक्के होता, नोव्हेंबरमध्ये ५६. ती सात टक्क्यांची घसरण म्हणजे ‘पण’ला आवाज फुटला. शेवटी दोन बाजूंच्या तीव्रतेचा फरक राहिला. ज्याला स्पर्धा ‘आल्या तर बरं’ असं वाटतं तो मतपत्रिका टेबलावर ठेवून विसरू शकतो. ज्याला आपलं घर जाईल असं वाटतं तो विसरत नाही.

म्हणून एखाद्या शहरात अशी पाहणी करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की पाठिंबा आहे का, एवढंच विचारून थांबू नका. खर्च दुप्पट झाला तरी पाठिंबा राहील का, हे विचारा. शहरातलं शेवटचं मोठं बांधकाम तुमच्या मते कसं पार पडलं, हे विचारा. तुम्ही भाड्यानं राहता की स्वतःच्या घरात, आणि उद्या मतदान असेल तर जाल का, हे विचारा. हांबुर्गमध्ये फेब्रुवारीतच एल्बफिलहार्मोनीबद्दलचा एक प्रश्न त्या पाहणीत असता, तर ६४ हा आकडा किती पोकळ जमिनीवर उभा आहे ते तेव्हाच दिसलं असतं.

नंतर

शोल्झ यांनी निकाल त्याच रात्री मान्य केला आणि दावेदारी तिथेच संपली. बोस्टननं जुलैमध्येच माघार घेतली होती. पुढे रोम आणि बुडापेस्टही बाहेर पडले. शेवटी पॅरिस आणि लॉस एंजेलिस ही दोनच शहरं उरली आणि २०१७ मध्ये समितीनं २०२४ आणि २०२८ च्या स्पर्धा त्या दोघांत वाटून दिल्या. निवडीची जुनी पद्धतही समितीला नंतर बदलावी लागली.

हांबुर्गनं मोठ्या खेळाकडे पाठ फिरवली असं झालं नाही. २०२४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेतले पाच सामने फोल्क्सपार्क स्टेडियममध्ये झाले. स्टेडियम आधीच उभं होतं, बंदर हलवायचं नव्हतं, आणि शहरात त्यावरून सार्वमत घ्यावं अशी मागणीही उठली नाही. म्युनिकनं, ज्यानं २०१३ मध्ये नकार दिला होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑलिंपिकच्या नव्या दावेदारीला ६६.४ टक्के मतांनी होकार दिला. तिथल्या योजनेचा गाभा १९७२ ची जुनी क्रीडासंकुलं होती. हांबुर्गही त्याच फेरीत पुन्हा उतरलं, आणि पुन्हा आधी नागरिकांनाच विचारायचं ठरवलं.

आणि क्लाइनर ग्रासब्रोक? २०१७ मध्ये शहरानं त्या बेटाच्या उत्तर भागासाठी नवा आराखडा जाहीर केला. सुमारे ३,००० घरं, १६,००० जणांना काम देणारी कार्यालयं आणि प्रयोगशाळा, नदीकाठी बाग, शाळा. बंदराचा बराचसा भाग जागच्या जागी. घरं ऑलिंपिकच्या योजनेपेक्षा कमी आहेत, पण कुठल्याही उद्घाटन सोहळ्याच्या तारखेशी ती जखडलेली नाहीत.